एकोणीसचा पाना

गेले सहा शनिवार-रविवार मी एका बोल्टच्या मागे आहे. एकाच. ऑफिसात सोमवारी सकाळी "निघाला का?" असं विचारणाऱ्यांची संख्या आता इतकी वाढली आहे, की एकदाचं सगळं लिहूनच टाकावं म्हटलं. म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

तर गाडी म्हणजे आमची १९९१ सालची प्रीमियर पद्मिनी. बाबा अजूनही तिला 'फियाट'च म्हणतात, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नाही. १९६४ मध्ये ती फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, 'पद्मिनी' हे बारसं झालं १९७४ मध्ये, पण अंगातली हाडं तीच इटालियन राहिली. म्हणूनच तिचे नट-बोल्ट मिलिमीटरमधले. तिच्याच काळातल्या अॅम्बॅसडरला मात्र इंची पाने लागायचे, कारण ती मूळची इंग्लंडची. जुन्या गॅरेजमध्ये पान्यांचे दोन वेगळे डबे दिसतात त्याचं हे एक कारण. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाडीची पहिली चौदा-पंधरा वर्षं रत्नागिरीत गेली. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उरलेले महिने खारा वारा. मग बाबांच्या बदलीबरोबर ती पुण्यात आली आणि अलीकडची दहाएक वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, पुढे दर पाच वर्षांनी आरटीओला गाडी दाखवून नूतनीकरण. पुढची तारीख तोंडावर आल्यावर घरात दोन पक्ष पडले. मी म्हणालो गाडी नीट करू. बाबा म्हणाले देऊन टाक. आई म्हणाली काहीही करा पण पार्किंगचा निर्णय लावा. (आईचा पक्ष नेहमीच व्यवहारी.)

इंजिन, ब्रेक, वायरिंग यांवर बाबांनी काही हरकत घेतली नाही. उलट कार्ब्युरेटर उघडला तेव्हा चहाचा कप घेऊन तासभर खाली बसले होते. पण मागचे पाटे काढायचे म्हटल्यावर मात्र, "मागचं कशाला उघडतोस? चांगलं आहे ते. कधी त्रास दिला नाही," असं दोन-तीनदा म्हणाले. मला वाटलं, खर्चाचं बघतायत.

आता पाटे म्हणजे काय ते थोडक्यात. पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंग आहेत, मागे मात्र बैलगाडीला किंवा ट्रकला असतात तसे कमानदार पोलादी पाटे. पाट्याच्या दोन्ही टोकांना डोळा असतो. मागचा डोळा शॅकलमध्ये लटकतो, म्हणजे पाटा दाबला गेला की त्याला लांब व्हायला जागा मिळते. पुढचा डोळा मात्र बॉडीला वेल्ड केलेल्या ब्रॅकेटमध्ये एका आडव्या बोल्टने पक्का धरलेला असतो. इंजिनची ताकद चाकांपर्यंत आली की ती गाडीला पुढे ढकलते ती याच बोल्टमधून. ब्रेक मारला की मागची चाकं गाडीला मागे ओढतात तीही याच बोल्टमधून. एका बाजूला एक, असे दोनच. माझा झगडा डाव्या बाजूच्या बोल्टशी.

हा बोल्ट नेमका असाच का धरतो, हे कळायला बुशची रचना बघावी लागते. पाट्याच्या डोळ्यात रबरी बुश असतो, आणि त्या रबराच्या आत एक पोलादी नळी. बोल्ट त्या नळीतून जातो. नट आवळला की ब्रॅकेटचे दोन कान त्या नळीला दोन्हीकडून चिमटीत धरतात, म्हणजे नळी फिरतच नाही. पाटा वरखाली होतो तेव्हा जी काही हालचाल होते ती रबराच्या पिळण्यातून. कल्पना झकास आहे, ग्रीस लागत नाही, आवाज होत नाही. पण याचा अर्थ असा, की बोल्ट आणि नळी एकमेकांच्या संदर्भात पंचवीस-तीस वर्षं एक मिलिमीटरही हलत नाहीत. दोघांमध्ये केसभर फट, त्या फटीत पावसाचं पाणी, आणि पाण्यात मीठ. मिठाने पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणं ही मुळात विजेचीच भानगड असल्यामुळे ते भराभर पुढे सरकतं. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, प्रकाराप्रमाणे दुपटीपासून सहापटीपर्यंत. बंद फटीत तो फुगला की त्याला जायला जागाच नाही, मग तो पाचरीसारखा घट्ट बसतो. पोलाद, गंज, पोलाद.. सगळं एकजीव.

नट निघाला. थोडी कुरकुर करून, पण निघाला. एकोणीसचं सहा कोनांचं सॉकेट आणि हँडलवर दोन फुटी पाईप. (बारा कोनांचं सॉकेट जाम बोल्टवर लावू नका. ते नटाच्या कोपऱ्यांवर धरतं, आणि कोपरे एकदा गोल झाले की विषय संपला.) नट निघाल्यावर मला फार आनंद झाला, फोटोबिटो काढला. मग बोल्टचं डोकं फिरवायला घेतलं. पाव फेरा फिरला, अजून थोडा फिरला, आणि हात सोडल्यावर हळूच परत मागे आला. रबर! बोल्ट आणि नळी मिळून फिरतायत, रबर पिळलं जातंय, आणि सोडलं की स्प्रिंगसारखं परत. हातोडा मारला तरी तेच. घणाचा अर्धाअधिक मार रबरच गिळून टाकतं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येतात.

पहिले दोन वीकेंड डिझेलमध्ये गेले. आमच्याकडे जाम नट म्हटलं की लोक दोनच गोष्टी सांगतात, रॉकेल नाहीतर डब्ल्यूडी-४०. डब्ल्यूडी-४० चं नाव ऐकून ते बोल्ट सोडवण्याचं औषध आहे असं वाटतं, पण ते मुळात १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी बनलं. अॅटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून. नावातला 'डब्ल्यूडी' म्हणजे पाणी हटवणं, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. (चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावातच आकडा घालणारी माणसं मला आवडतात. आमच्याकडे सत्तेचाळिसाव्या बिल्डला 'फायनल' म्हणतात.) ते उपयोगी पडतं, पण सावकाश मुरणारं पातळ तेल जास्त बरं. खरी अडचण अंतराची आहे. नटाच्या बाबतीत तेलाला सेंटिमीटरभर आत जायचं असतं. इथे नळीची लांबी पाच-सहा सेंटिमीटर, दोन्ही तोंडं ब्रॅकेटच्या कानांनी झाकलेली, आणि आतली फट गंजाने भरलेली. तेल मुरणार कुठून? तरी रोज रात्री ऑफिसमधून आलं की टॉर्च घेऊन गाडीखाली जायचं आणि ड्रॉपरने डिझेल सोडायचं. वॉचमन आधी संशयाने बघायचा. चौथ्या दिवसापासून टॉर्च तोच धरायला लागला.

दुसरा उपाय उष्णतेचा. ऑक्सी-अॅसिटिलीनच्या ज्योतीने बोल्ट लाल केला की निघतो, असं सगळेच म्हणतात, आणि का निघतो याचं कारण बहुतेक जण अर्धवट सांगतात. पोलाद दर अंश सेल्सिअसला लांबीच्या एक लाखांशाहून किंचित जास्त वाढतं. बारा मिलिमीटरचा बोल्ट तीनशे अंशांनी तापवला तर जाडी वाढते सुमारे चार शतांश मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. एवढ्याने काय होणार असं वाटतं. पण बोल्टला वाढायला जागा नसते, तो नळीवर रेटतो, थंड होताना आकसतो, आणि या ओढाताणीत मधला गंज तडकतो. गंज कठीण असतो पण ठिसूळ. तो एकदा तडकला की तेलाला वाट मिळते. म्हणजे खरं काम गरम असताना होतच नाही, निवताना होतं. तापवलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नाही हे ओघाने आलंच, कारण कारखान्यात त्याला दिलेलं पाणी त्या उष्णतेत उतरलेलं असतं. आमच्या बाबतीत मात्र हा उपाय बादच होता. पेट्रोलची टाकी मागे, आणि रत्नागिरीत असताना गंजू नये म्हणून गाडीच्या पोटाला फासलेला डांबरासारखा काळा थर. त्याच्यावर ज्योत धरणं म्हणजे पाटा, गाडी आणि बहुधा पार्किंग, तिन्हीचा निर्णय एकदमच लागला असता.

तिसऱ्या रविवारी तात्यांना घेऊन आलो. तात्या म्हणजे जुने फियाटचे मिस्त्री. सत्तरी ओलांडली आहे, गॅरेज आता मुलगा बघतो. त्यांना आणायला गेलो तेव्हा म्हणाले, "सामान कुठनं आणणारेस त्ये सांग आधी." खरंच आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या होत्या तोवर पद्मिनीचं काहीही मिळायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये तो हिशेब संपला. त्यानंतर नाना पेठेत चौकशी केली की दुकानदार आधी हसतो, मग "बघतो" म्हणतो. पाट्यांचे बुश मी पाचव्या दुकानात मिळवले. धूळ बसलेल्या पाकिटात, पण नवे.

तात्या पाठीखाली पुठ्ठा घेऊन गाडीखाली सरपटत गेले. (गाडी घोड्यांवर, आणि घोड्या बॉडीखाली. अॅक्सलखाली वेगळा जॅक. तो जॅक मिलिमीटर-मिलिमीटर वरखाली करून बोल्टवरचा भार काढायचा असतो. भाराखालचा बोल्ट मोकळा असला तरी निघत नाही.) दोन मिनिटं टॉर्च फिरवला, बोटाने ब्रॅकेटचा कान चाचपला, आणि आतूनच म्हणाले, "मारामारी किती केलीस?"

"फार नाही."

"बरं केलंस. ह्ये बघ, बोल्ट मेला तर चालंल, बुश मेला तरी चालंल. ह्यो कान वाकला तर गाडी मेली."

मुद्दा इतका साधा होता, पण मी तोवर बोल्ट 'काढायच्या'च मागे होतो. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. तो ब्रॅकेट बॉडीच्या पातळ पत्र्यांवर वेल्ड केलेला आहे, आणि तो पत्रा पस्तीस वर्षांचा. घण मारून बोल्ट निघालाही असता, पण तो मार ब्रॅकेटमधून त्या पत्र्यात जाणार. तिथे तडा गेला तर आरटीओचा विषयच संपला. तेव्हा बोल्ट वाचवायचा नाही. कान आणि नळी यांच्या मधल्या सांध्यात हॅक्सॉचं पातं घालून तो दोन्हीकडून कापायचा, पाटा डोळ्यासकट खाली घ्यायचा, बुश नंतर सावकाश दाबून काढायचा.

कापण्याआधी एकदा शेवटचा प्रयत्न म्हणून हलकी टोक-ठोक करू, म्हणून तात्या म्हणाले आट्यांवर जुना नट चढव, म्हणजे आटे ठेचायचे नाहीत. मी खोक्यातला बारा एमएमचा नट घेतला. चढेना. दुसरा घेतला, तोही चढेना. तात्यांनी तो बोल्टच्या टोकाला नुसता टेकवून पाहिला आणि म्हणाले, "ह्यो कंपनीचा न्हाई. इंची हाय."

व्हर्नियर लावला. १२.७. बरोब्बर अर्धा इंच.

आता एकोणीसचा पाना त्याला इतका छान का बसत होता? अर्धा इंची नटाची रुंदी पाऊण इंच असते, आणि पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. पाच शतांशांचा फरक पान्याला कळत नाही, मला कुठून कळणार! मग दुसऱ्या बाजूला, बोल्टच्या डोक्यावरचा तो काळा थर वायर ब्रशने खरवडला. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर आकडे असतात, ८.८ वगैरे. पहिला आकडा शंभरने गुणला की तुटण्याची ताकद, मेगापास्कलमध्ये, आणि दुसरा आकडा म्हणजे त्यातल्या किती हिश्शाला तो कायमचा ताणला जातो ते. इथे आकडे नव्हते. डोकंच नव्हतं खरं तर. एका गोल सळईवर एक नट चढवून भोवती वेल्डिंग मारलं होतं. वेल्डिंग सुबक होतं, हे सांगायला हवं. घाईत केलेलं पण हात असलेल्या माणसाने केलेलं. ब्रॅकेटचं भोकही बारावरून अर्ध्या इंचाला मोठं केलेलं दिसत होतं.

"रातीचं काम हाय ह्ये," तात्या म्हणाले. कशावरून ते विचारायचं राहून गेलं.

संध्याकाळी बाबांना फोटो दाखवला. म्हटलं, तुम्ही तर म्हणता हिने कधी त्रास दिला नाही, हे काय आहे? आमच्या घरात ते वाक्य म्हणजे जवळजवळ आरती आहे. कुठल्याही लग्नात, कोणीही नवीन गाडीचा विषय काढला, की बाबा, "आमची फियाट एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही." बाबांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला, फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाले, "अजून तोच आहे होय."

पुढचं बाबांना विचारूनच लिहितो आहे.

१९९९ चा ऑगस्ट. मी वर्षाचा. आजोबांना रत्नागिरीत रात्री अर्धांगवायूचा झटका आला, आणि कोल्हापूरला हलवा असं सांगितलं गेलं. बाबा, आजी, मागच्या सीटवर आजोबा. साखरप्याच्या अलीकडे एका खड्ड्यात आवाज झाला आणि गाडी तिरकी चालायला लागली. डाव्या पाट्याचा पुढचा बोल्ट तुटला होता. पाटा सुटला की अॅक्सल एका बाजूने मागे सरकतो, आणि पुढे आंबा घाट. रात्रीचा दीड, पाऊस, दुसरी गाडी मिळण्यासारखी नाही. बाबा आजी-आजोबांना गाडीत ठेवून चालत साखरप्यात गेले. शेतीपंप दुरुस्त करणाऱ्या एका लेथवाल्याला उठवलं. त्याच्याकडे बारा एमएमची सळई नव्हती, अर्धा इंची होती. त्याने सळईला आटे पाडले, डोक्याला नट वेल्ड केला, बुशची नळी आणि ब्रॅकेटचं भोक रुंद केलं, कंदिलाच्या आणि टॉर्चच्या उजेडात बसवून दिला. पैसे किती घेतले ते बाबांना आठवत नाही, घेतले की नाही हेही नक्की आठवत नाही. या सगळ्यात साडेतीन तास गेले. सकाळी ते कोल्हापूरला पोचले.

आजोबा वाचले. त्यानंतर सात वर्षं होते. मला ते आठवतात ते डाव्या हाताने जेवणारे. उजवी बाजू परत आली नाही. आजीला कायम असंच सांगितलं गेलं की घाटात दरड आली होती म्हणून थांबलो होतो. ती तेव्हा आजोबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, बाहेर पाऊस, काचा धुरकटलेल्या, तिला काही दिसलं नाही.

"गाडीने दगा दिला म्हटलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी विकायला लावली असती," बाबा म्हणाले. "आणि मग मलाच रोज वाटत राहिलं असतं."

काय वाटत राहिलं असतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. साडेतीन तासांनी काही फरक पडला असता का, हे कोणत्याही डॉक्टरला त्यांनी कधी विचारलं नाही, एवढं मात्र नंतर जेवताना म्हणाले. आईलाही हे सगळं तेव्हाच कळलं. तिने वाढता वाढता हात थांबवला, मग आणखी एक पोळी त्यांच्या पानात टाकली.

असो. बोल्ट तर काढायचाच होता.

चौथ्या आणि पाचव्या वीकेंडला कापाकापी. करवतीची चौकट तिथे जातच नाही, तेव्हा नुसतं पातं. इंचाला चोवीस दात असलेलं, एका टोकाला जुन्या जीन्सचा तुकडा गुंडाळून. पुढे ढकलताना कापतं, मागे ओढताना नुसतं घासतं. एका रेषेत वीस-पंचवीस फेऱ्या, मग तेलाचा थेंब, मग मान मोडून घ्यायची, मग परत. एक काप पूर्ण व्हायला मला दोन तास दहा मिनिटं लागली, दुसरा दीड तासात झाला. ग्राइंडरने दोन मिनिटांत होतं असं म्हणणारे भेटतात. होतं, पण त्याची चकती त्या फटीत शिरत नाही. कानाचा पत्रा खाऊनच आत जाते, आणि ठिणग्या टाकीकडे. मऊ सळई होती हे एका परीने बरंच झालं, खरा ८.८ चा बोल्ट असता तर पात्यांचा डबा संपला असता. मला सहा पाती लागली.

पाटा खाली आला तेव्हा काही मोठा आवाजबिवाज झाला नाही. जॅक थोडा खाली घेतला आणि तो आला. कानातले दोन तुकडे बोटाच्या धक्क्याने बाहेर पडले. इतके दिवस ते तसेच सुटे होते तर! धरलेला होता तो फक्त मधला भाग, नळीतला. ब्रॅकेट धुतला, टॉर्च मारून सगळ्या बाजूंनी पाहिला. एकही तडा नाही.

नवा प्रश्न भोकाचा. बारा एमएमचा नवा बोल्ट १२.७ च्या भोकात टाकला तर सात दशांश मिलिमीटरचा खेळ राहतो. नुसतं आवळून तो दाबून टाकता येईल असं वाटतं, पण ब्रेक मारताना बोल्ट हळूहळू भोकात ठोकला जातो, आणि भोक लंबगोल होतं. तात्यांचा सल्ला, कानांना बाहेरून बारा एमएमच्या भोकाच्या चकत्या वेल्ड करून मूळ माप परत आणायचं. शास्त्रशुद्ध आहे. पण म्हणजे त्या जुन्या पत्र्याशेजारी पुन्हा वेल्डिंग. दुसरा मार्ग म्हणजे साखरप्याच्या त्या माणसाने केलं तेच नीट करायचं. अर्धा इंचीच ठेवायचा, पण सळई नाही, चांगला हाय-टेन्साइल बोल्ट. ट्रॅक्टरवाल्यांकडे अर्धा इंची बोल्ट हवे तेवढे मिळतात. इंची बोल्टच्या डोक्यावर आकड्यांऐवजी रेघा असतात, तीन रेघांचा साधारण ८.८ च्या तोडीचा, सहा रेघांचा १०.९ च्या. मी तीन रेघांचा घेतला. इथे जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं असं नसतं. बुशची नळी लेथवर अर्ध्या इंचाला करून घेतली. भिंत दोन्हीकडे एक तृतीयांश मिलिमीटर पातळ झाली, तेवढं चालतं.

तात्यांना हे फारसं पटलं नाही. "एका बाजूला इंची, एका बाजूला एमएम. फुडचा मिस्त्री शिव्या घालंल तुला." म्हटलं, फुडच्या मिस्त्रीसाठी कानाशेजारी रंगाने 'अर्धा इंच' असं लिहून ठेवतो. लिहिलंही आहे, पांढऱ्या रंगात. (कोडमध्ये कॉमेंट न लिहिणारा मी, हे वाचून टीममधले हसतील.)

बसवताना बोल्टच्या दांड्यावर कॉपर ग्रीस भरपूर, आट्यांवर मात्र नाही. याचं कारण माझ्या सेकंड इयरच्या पुस्तकात होतं आणि तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं होतं. आपण पान्यावर लावलेल्या जोराचा साधारण नव्वद टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो, बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहा टक्के. आट्यांना ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. ग्रीस दांड्याला हवं, कारण पुढच्या वेळी धरणार आहे तो तिथेच.

आणि एक, रबरी बुशचा नट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचा नाही. हवेत पाटा लोंबत असतो. तेव्हा आवळलं तर नळी त्या कोनात चिमटली जाते, आणि गाडी चाकांवर आली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, वर्षभरात फाटतं. गाडी खाली घ्यायची, चाकांवर वजन येऊ द्यायचं, एक-दोनदा दाबून हलवायची आणि मगच टॉर्क.

गेल्या रविवारी गाडी खाली घेतली. बाबा खाली आलेच होते. म्हणाले, "ड्रायव्हरचं वजन धरायचं की नाही?" खरं तर गरज नव्हती, पण म्हटलं धरायचं. दार उघडून ते आत बसले, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, समोर बघत. मी मागे गाडीखाली. टॉर्क रेंच नव्वदवर लावला, एकोणीसचं सॉकेट, आणि टक्‌ झाल्यावर म्हटलं झालं. "परत एकदा बघ," आतून आवाज आला. परत बघितलं. टक्‌.

कापलेल्या सळईचे तीन तुकडे मी फेकून देणार होतो, ते खोक्यात सापडले नाहीत. बाबांच्या टेबलावर, औषधांच्या डब्याशेजारी आहेत. मधला तुकडा नळीसकटच आहे, तो कोणाच्या बापाला निघायचा नाही. देऊन टाकायचा विषय त्यांनी या आठवड्यात काढलेला नाही. ठेवायचीच असंही म्हणालेले नाहीत. आईने पार्किंगबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "उजवी बाजू होऊ दे आधी."

उजव्या बाजूचा बोल्ट बारा एमएमचाच आहे, डोक्यावर आकडे आहेत, म्हणजे मूळचाच, आणि तितकाच धरलेला. काल रात्रीपासून तिथे डिझेल चालू केलंय.